कार्बन डायऑक्साइडचे नळ टाकण्याआधी कायदा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीज, पोलाद, सिमेंट कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून वापरण्या-साठवण्यासाठी 2026-27च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांकरता 20,000 कोटी रुपये जाहीर झाले आहेत. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात औष्णिक वीज आणि सिमेंट दोन्ही आहेत, त्यामुळे उद्या हा वायू नळातून न्यायची वेळ आली तर नळ शेतांखालूनच जाणार. तो कोणत्या नियमांनी टाकायचा, हे आधी ठरले पाहिजे.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील सटार्शिया गावाजवळ 22 फेब्रुवारी 2020 रोजी काय झाले ते पाहा. अतिवृष्टीने उतार खचला आणि 24 इंची नळ वेल्डच्या जोडावर तुटला. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असल्याने वर विरून न जाता सखल भागाकडे वाहत गेला. सुमारे 200 लोकांना हलवावे लागले, 45 जण रुग्णालयात गेले. प्राणवायू न मिळाल्याने गाड्यांची इंजिने बंद पडली, म्हणजे पळायचे साधनही गेले. गाव फुटीच्या जागेपासून जेमतेम दीड किलोमीटरवर होते, तरी नळ चालवणाऱ्या कंपनीच्या धोकाक्षेत्राच्या नकाशात नव्हते.

म्हणून पहिला नियम हा असावा, की प्रत्यक्ष चढउतार, नाले आणि वारा नसलेली रात्र धरून वायू कुठवर पसरेल याचा हिशेब करायचा आणि त्यावरून वस्तीपासूनचे अंतर ठरवायचे. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याने 2024च्या कायद्यात असा संगणकीय हिशेब बंधनकारक केला. शिवाय केंद्रीय सुरक्षा नियम होईपर्यंत, नाहीतर जुलै 2026पर्यंत, नव्या नळांना परवानगी थांबवली.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांतली पळवाट आपण उचलू नये. ते नियम 90 टक्क्यांहून शुद्ध आणि 31 अंश सेल्सिअस तापमान व 74 बार दाब यांच्या वरच्या दाट अवस्थेतील वायूपुरतेच आहेत. तोच पदार्थ द्रव किंवा साध्या वायुरूपात नेला की नियम लागू नाहीत! अवस्था कोणतीही असो, नियम पदार्थाला लागले पाहिजेत.

आता नळाबद्दल. कोरड्या वायूला साधे कार्बन स्टील चालते. पाणी सुटले की कार्बनिक आम्ल तयार होऊन नळ आतून खातो. धुरातले गंधक-नायट्रोजनचे ऑक्साइड सोबत असतील तर आणखी लवकर. तेव्हा नळाच्या तोंडाशी ओलाव्याचा मीटर सतत चालू हवा आणि मर्यादा ओलांडताच व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा. दुसरे म्हणजे, हा नळ फुटला तरी आतला दाब झटकन उतरत नाही, त्यामुळे चीर नळाच्या लांबीने धावत जाते. ती अडवायला ठरावीक अंतरावर जाड कडी लागतात. वायूला वास नाही, म्हणून वासाचे द्रव्य मिसळणे सक्तीचे असावे. गावात वायूमापक, पोलीस आणि अग्निशमन दलाकडे श्वसनसंच हवेत.

साठवणुकीचा धडा इलिनॉयच्याच डिकेटर शहरातला. तिथे एडीएम कंपनीच्या जमिनीखालच्या साठ्यात गळती झाली ती वायू खाली सोडायच्या विहिरीतून नव्हे, निरीक्षण विहिरीतून. सुमारे 5,000 फूट खोल नळी गंजली होती. पाळत ठेवण्यासाठी पाडलेले प्रत्येक भोकही वायूला वर यायची वाट असते, आणि त्याची धातू वायू सोडणाऱ्या विहिरीइतकीच गंजरोधक हवी.

आपल्या बेसाल्टात, म्हणजे काळ्या कातळात, वायूचा दगड होतो, हा उत्साह रास्त आहे. आइसलँडमध्ये दोन वर्षांत तसे घडलेही. पण त्या पद्धतीत वायूच्या टनामागे सुमारे 25 टन पाणी लागते. मराठवाड्यात ते कुठून आणणार, हे परवाना देण्यापूर्वी लिहून घ्यावे.

शेवटी शेतकऱ्याचा हक्क. पेट्रोलियम आणि खनिज नळमार्गांच्या 1962च्या कायद्यात वापरहक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के मिळतात. त्यात कार्बन डायऑक्साइडचे नाव नाही, आणि जमिनीखाली साठा झाला तर त्या पोकळीचा मालक कोण, हेही नाही. साठा बंद झाल्यावर जबाबदारी किती वर्षे कंपनीकडे, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात 10 वर्षांनी ती राज्यावर येऊ शकते, इलिनॉयमध्ये किमान 30 वर्षे कंपनीने देखरेख ठेवायची आहे. आपण इलिनॉयचा आकडा घ्यावा, आणि त्या काळाचा खर्च कंपनीकडून परवान्याच्या वेळीच राखीव निधीत भरून घ्यावा.

– एक वाचक, चंद्रपूर