बाबांच्या स्कॅनबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

"मला काही होत नाही, मग मशीनमध्ये कशाला झोपू?" असं म्हणून बाबांनी फोनवर विषयच मिटवला, म्हणून लिहितेय. बाबा, फुफ्फुसाचा हा सीटी स्कॅन म्हणजे काही होत नाही तेव्हाच करायची तपासणी आहे. खोकल्यातून रक्त पडू लागलं, वजन उतरू लागलं की फुफ्फुसाचा कॅन्सर बहुतेकदा पसरलेला असतो.

एक्स-रे स्वच्छ आला होता, हे तुम्ही म्हणणारच. पण त्यात लहान गाठ सहज सुटते. अमेरिकेत खूप सिगारेट ओढलेल्या 53 हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांचा कमी किरणांचा ('लो-डोस') सीटी स्कॅन आणि निम्म्यांचा एक्स-रे, असं तीन वर्षं दरवर्षी केलं. 2011 साली निकाल आला: सीटीवाल्यांत या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी.

आता तुमचा हिशोब. रोज वीसचं एक पाकीट वर्षभर ओढलं की एक 'पॅक-इयर'. वय 50 ते 80, किमान 20 पॅक-इयर आणि सिगारेट चालू किंवा सोडून 15 वर्षांच्या आत, असा हा स्कॅन कोणी करावा याचा तिथला 2021 पासूनचा निकष आहे. तुमचे 28 भरतात, सोडून नऊच वर्षं झालीत. (आई दीड पाकीट म्हणते. मी एकच धरलंय.)

स्कॅनला इंजेक्शन नाही, उपास नाही. काही सेकंद श्वास रोखायचा. किरणोत्सर्ग सुमारे 1.5 मिलिसिव्हर्ट, निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याहून कमी. मात्र एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावा लागतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ठिपका दिसू शकतो. त्या अभ्यासात चारातल्या साधारण एका स्कॅनमध्ये काहीतरी सापडलं, आणि त्यातल्या 96 टक्क्यांहून जास्त वेळा तो कॅन्सर नव्हता. जुन्या संसर्गाचे, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणही तसेच दिसतात. अशा वेळी बहुतेकदा काही महिने थांबून पुन्हा स्कॅन करतात. क्वचित सुईने तुकडा काढावा लागतो आणि त्यात फुफ्फुसाला इजा होऊ शकते. ते थांबणं बाबांना जमेल, आईला जड जाईल. म्हणून आधीच सांगतेय: ठिपका म्हणजे निदान नव्हे.

आई, तुझा स्कॅन नको. बाबांचा धूर तू इतकी वर्षं खाल्लास हे खरं, पण तू स्वतः ओढत नव्हतीस. तुझ्या बाबतीत फायद्यापेक्षा नसता घोर मोठा.

डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा: स्कॅन 'लो-डोस'च आहे ना, आणि काही दिसलंच तर पुढचं कोण बघणार? छातीचे जुने एक्स-रे, रिपोर्ट कपाटात असतील ते सोबत न्या. ठिपका वर्षानुवर्षं तसाच असेल, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

तुमची लेक