अक्का, बाराबंदीच्या गाठींसाठी

प्रिय अक्का,

रोज जिन्यात भेटतो, पण हे तोंडावर बोलायला गेले की तुम्ही "चल गं, काहीतरीच" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्याकडे सणच नव्हते. वर्षश्राद्ध झालं आणि पहिलीच संक्रांत आली. मी रत्नागिरीची. सोलापूरची गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीतली सिद्धेश्वरांची जत्रा, मी तोवर होम मैदानावरचे पाळणे आणि शोभेचं दारूकाम एवढीच पाहिलेली. पण मामंजी दरवर्षी पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालून नंदीध्वजांसोबत, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांसोबत, शहरातल्या अडुसष्ट लिंगांच्या फेरीला जायचे. त्या वर्षी बाराबंदी कपाटात घडी करून तशीच. "यंदा नको," एवढंच म्हणाले. का नको, ते तुम्ही ओळखलंत. इतकी वर्षं ते बंद सासूबाईच बांधायच्या.

तुम्ही सकाळी कांजी घेऊन आलात, बाराबंदी खळ घालून वाळवलीत, इस्त्री केलीत. मग माझ्या 7 वर्षांच्या लेकाला समोर उभं करून एकेक गाठ शिकवलीत. आतली आधी, बाहेरची नंतर, ओढली की सुटेल अशी. त्यानं आजोबांना इतकी आवळली की ते म्हणाले, "अरे, श्वास घेऊ दे रे, मला 'हर्र बोला हर्र' म्हणायचंय!" वर्षभरानं त्या घरात कुणी हसलं होतं, अक्का. 14 जानेवारीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडल्या तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर होता. मूठभर अक्षता नंदीध्वजाकडे आणि बाकीच्या सगळ्या आजोबांच्या डोक्यावर. रात्री टोपी झटकली तर पाटावर तांदूळच तांदूळ.

मग तुम्ही थांबलातच नाही. भोगीच्या भाजीत काय काय पडतं ते पिशव्या उघडून दाखवलंत. वेळ अमावस्येला शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून आंबील कशी वाढायची हेही तुम्हीच सांगितलंत, आणि मामंजींनी चौथं भांडं मागितल्यावर "आता झोप इथंच" म्हणालात. गणपतीत मात्र माझे उकडीचे मोदक तुमच्याकडे आले आणि तुमच्या नातवांनी सारण खाऊन पारी ताटात ठेवली, हे मी अजून विसरले नाही.

पितृ अमावस्येला माझी लेक तुमच्या अंगणात बतुकम्मा, म्हणजे तुमच्या तेलुगू सणातला फुलांचा मनोरा, रचायला बसली. झेंडू, तरवडाची पिवळी फुलं, थरावर थर. तुमची तेलुगू गाणी तिला माझ्यापेक्षा जास्त येतात. "उय्यालो" म्हणत घरभर फिरते आणि मामंजी टाळ्या धरतात. सोलापुरात एका जिन्यात तीन भाषा बोलतात हे मला ठाऊक होतं. आपल्याच पोराच्या तोंडून ऐकणं वेगळं.

अक्का, सासूबाई असत्या तर त्यांनी तुम्हाला साडीच नेसवली असती. माझ्याकडून हे पत्र घ्या.

यंदा बाराबंदीला खळ मी घालणार आहे. तुम्ही फक्त गाठी बघायला या. मुलगा आता मोठा झालाय, हात आणखी घट्ट झालाय.

आणि तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडेच आहे. रिकामा द्यायचा नाही म्हणून थांबलेय. शेंगा भाजून ठेवल्यात, संध्याकाळी चटणी कुटते आणि घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सून