घरगुती ग्राइंडर, ड्रिल आणि शिडीबाबत ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय ग्राहक संरक्षण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी पॉवर टूल्स, म्हणजे विजेवर चालणारी हत्यारं, दुरुस्त करतो. ड्रिल, ग्राइंडर (स्वयंपाकघरातला नव्हे; फिरत्या चकतीनं लोखंड, फरशी कापायचा), मार्बल कटर, जिगसॉ. कार्बन ब्रश झिजले, आर्मेचर जळलं, बेअरिंग वाजायला लागलं की माणसं मशीन घेऊन येतात. पूर्वी येणारे सुतार, फॅब्रिकेशनवाले, प्लंबर असत. आता त्यांच्या जोडीला घरची कामं स्वतः करणारे येतात. कोणी नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी हौस भागवणारे, कोणी निवृत्त झालेले, बहुतेकांनी व्हिडिओ पाहून मशीन मागवलेलं. त्याला माझी हरकत नाही. आपल्या हातानं फळी बसवण्यात सुख आहेच, आणि हे पत्र त्यांना दटावण्यासाठी लिहीत नाही. मशीन त्यांच्या हाती कोणत्या अवस्थेत पडतं ते ठरवणं आपल्या खात्याला शक्य आहे, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

कारखान्यात ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढलेला सापडला तर मालकाला जाब द्यावा लागतो. उंचीवर काम असेल तर कोणीतरी सुपरवायझर खाली उभा असतो. तेच मशीन खोक्यातून घरात आलं की सगळी जबाबदारी बारीक अक्षरातल्या एका पुस्तिकेवर येऊन पडते. ती पुस्तिका कोण वाचतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

मला सगळ्यात जास्त धास्ती ग्राइंडरची. पाच इंची ग्राइंडर एका हातात मावतो, पण रिकामा फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. चकतीच्या कडेचा वेग हिशेबानं ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो. आता विकताना सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट. पाच इंची चकतीच्या मधलं भोक आणि नऊ इंची चकतीच्या मधलं भोक एकाच मापाचं असतं, २२ मिलिमीटरच्या आसपास. नऊ इंची चकती मिनिटाला सुमारे ६,६०० फेऱ्यांपर्यंतच चालवायची असते, तसं तिच्यावर छापलेलं असतं. छोट्या मशीनवर ती चढत नाही, कारण गार्ड आडवा येतो. मग लोक गार्डच काढतात. जास्त खोल कापता येतं म्हणून खूश होतात, आणि ६,६०० साठी बनवलेली चकती ११,००० च्या मशीनवर फिरायला लागते. फिरणाऱ्या वस्तूवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे इथे पावणेतीन पट. चकती फुटली तर तुकडे अडवायला ना गार्ड, ना बहुतेकदा चष्मा. ज्यानं भोकाचं माप एकच ठेवलं त्यालाही काही कारण असेल. आज निदान घरगुती मशिनांसाठी ते वेगळं करायला काय अडचण आहे, हे कारखानदारांना विचारावं.

याहून वाईट प्रकार म्हणजे लाकूड कापायचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं. दाता लाकडात रुतला की मशीन मागे उसळतं, आणि ते धरून ठेवण्याइतकी ताकद कोणाच्याच मनगटात नसते. बहुतेक पुस्तिकांत हे ब्लेड लावू नका असं स्पष्ट असतं. तरी ग्राइंडरला बसतील अशी दातेरी ब्लेडं राजरोस विकली जातात. मनाई फक्त विकत घेणाऱ्याला, विकणाऱ्याला नाही.

मग स्विच. स्वस्त ग्राइंडरला सरकवून अडकवायचा स्विच असतो. एकदा पुढे ढकलला की बोट काढलं तरी मशीन चालूच. काम चालू असताना वीज गेली, माणूस मशीन तसंच खाली ठेवून निघून गेला, आणि वीज आली की ते जमिनीवर आपसूक फिरत सुटतं. त्या वेळी खोलीत लहान मूल असेल तर काय, हे लिहवत नाही. याचा उपाय बाजारात तयार आहे. हात सुटताच बंद होणारा दाबायचा स्विच मिळतो, आणि वीज परत आल्यावर मुद्दाम चालू केल्याशिवाय न फिरणारं सर्किटही मिळतं. पण ही सोय बहुधा महागड्या, व्यावसायिक मॉडेलांत. म्हणजे ज्याचा हात बसलेला आहे त्याला संरक्षण आणि नवख्याला काहीच नाही. हे उलटं आहे, मंत्री महोदय.

शिडीला मोटर नाही, म्हणून तिला कोणी घाबरत नाही. दोन मीटरवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदाच्या आत खाली येतो, आणि आदळताना त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या घरात असतो. सावरायला वेळच मिळत नाही. टेकवायच्या शिडीचा जुना हिशेब सोपा आहे: चार हात उंची असेल तर पाया एक हात बाहेर. दुसरा नियम असा की दोन पाय आणि एक हात, तीन ठिकाणी आधार सुटता कामा नये. पण भिंतीत वर भोक पाडायचं तर ड्रिलला दोन्ही हात लागतात! भोक पाडणारं बिट काँक्रीटमधल्या सळईत अडकलं की बिट थांबतं आणि ड्रिलचं धड फिरतं. जमिनीवर उभं असताना यात मनगट मुरगळतं. शिडीवर तोच पीळ माणसाला बाजूला फेकतो. पीळ वाढला की सुटणारा क्लच मोठ्या ड्रिलमध्ये असतो. घरगुती ड्रिलमध्ये, जिथे माणूस शिडीवर एकटा असतो, तिथे तो सहसा नसतो.

युरोपात ईएन १३१ हे शिडीचं मानक २०१८ मध्ये कडक झालं. तीन मीटर किंवा त्याहून लांब, टेकवून वापरायच्या शिडीला खाली रुंद पाया किंवा आडवी पट्टी आली. घरगुती आणि व्यावसायिक असे दोन वर्ग ठरले, आणि १५० किलो भार दोन्हींना सारखाच. घरच्या माणसाचं वजन कमी असतं असं कोणी गृहीत धरलं नाही, हे मला आवडलं.

उत्पादनाला हात लावायचा म्हटलं की किंमत वाढेल ही ओरड होणार. टेबल सॉचा, म्हणजे टेबलात बसवलेल्या लाकूड कापायच्या गोल करवतीचा, इतिहास त्यासाठी पाहावा. बोट लागताच पातं ५ मिलिसेकंदांत थांबवणारी रचना अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये शोधली. कारखानदारांनी ती घेतली नाही, तेव्हा गॅस यांच्याच सॉस्टॉप कंपनीनं २००४ मध्ये स्वतःचे सॉ बाजारात आणले. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं २०११ मध्ये नियमाची प्रक्रिया सुरू केली आणि २०१७ मध्ये मसुदा मांडला. किंमत वाढेल आणि पेटंटमुळे सगळा बाजार एकाच कंपनीकडे जाईल, हे आक्षेप सुरुवातीपासून होते. पेटंटचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण दाबायचा स्विच, वीज आल्यावरचं संरक्षण आणि धड बसणारा गार्ड यांवर कोणाची मक्तेदारी नाही. इथे तो बहाणा चालणार नाही.

त्यामुळे मागणी एवढीच आहे की या तीन गोष्टी नसलेला ग्राइंडर घरगुती वापरासाठी विकू देऊ नये, ऑनलाइनसुद्धा. दातेरी ब्लेड ग्राइंडरसाठी म्हणून विकणाऱ्यावर कारवाई व्हावी. शिडीवर कोन दाखवणारी खूण आणि शेवटच्या कोणत्या पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, हे शिडीवरच, न निघेल असं उमटवावं. चिकटवलेला कागद पहिल्याच पावसात जातो.

आपलं खातं पुरावा मागेल. तो रुग्णालयांत आहे, फक्त नोंदवला जात नाही. आयसीडी-१० या आजार आणि इजांच्या जागतिक वर्गीकरणात शिडीवरून पडण्याला डब्ल्यू११ आणि विजेच्या हत्यारानं झालेल्या इजेला डब्ल्यू२९ असे स्वतंत्र संकेतांक आहेत, घर हे ठिकाण वेगळं दाखवण्याची सोयही आहे. पण केसपेपरवर ‘बोटाला जखम’ एवढंच लिहिलं तर ग्राइंडर सुटला. आरोग्य खात्याशी बोलून आपत्कालीन विभागात हे दोन संकेतांक सक्तीचे केले, तर वर्षभरात पुरावा आपल्या टेबलावर येईल.

नियमांच्या समितीवर कारखानदारांचे इंजिनिअर असतीलच. दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा एखादा माणूसही तिथे घ्यावा. गार्ड का काढला जातो, हे मशीन हातात घेतल्याबरोबर आम्हाला कळतं. बऱ्याचदा त्यात बेफिकिरी नसते. गार्ड फिरवून घ्यायला पाना लागतो, आणि तो मशीनला कुठेच अडकवायची सोय नसल्यानं पहिल्या महिन्यातच हरवलेला असतो.

आपला,
पॉवर टूल्स दुरुस्त करणारा एक कारागीर