शंभर टक्के वसुली केली, पण कोणाकडून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात तालुक्याच्या पानावर शंभर टक्के करवसुलीची बातमी वाचली. फोटो ठसठशीत आला आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मागे बॅनर, सगळं यथासांग. ज्या गावाची बातमी त्याच गावात मी राहतो. गावाचं नाव पुन्हा लिहीत नाही, तुम्ही मोठ्या अक्षरात छापलंच आहे. ग्रामपंचायतीने मार्चअखेर घरपट्टी-पाणीपट्टी सगळी गोळा केली, स्वनिधी म्हणजे पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वाढवलं, असं कौतुक आहे. अभिनंदन. फक्त हा पैसा कोणाच्या खिशातून आला, त्यावर एक ओळही नाही. त्यातल्या थोड्या पैशाचा पत्ता मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

माझी धाकटी बहीण याच गावात दिली आहे. जावई गेले. शेत नाही. हंगामात कापूस वेचायला जाते, एरवी निंदण-खुरपण. संजय गांधी निराधार योजनेत बसते म्हणून अर्ज करायचं ठरलं. महिन्याला १५०० रुपये मिळतात, आणि वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला ५८ रुपयांच्या आत कमावणाऱ्यांसाठी ही योजना आहे. (एवढ्यात आजकाल कोण जगतं, हा प्रश्न मंत्रालयाला विचारावा.) कागद जमवता जमवता ग्रामपंचायतीकडून निराधार असल्याचा दाखला घ्यायची वेळ आली, तर टेबलावरून उत्तर आलं, "काकू, आधी बाकी भरा, मंग सही."

बाकी घरपट्टीची होती. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, आणि सगळ्यात मोठा आकडा पाणीपट्टीचा. घर मयत नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे बाकीही त्याच्याच नावावर. गेलेला माणूस थकबाकीदार आणि निराधार ठरायला निघालेल्या बाईने ती फेडायची! तिने विचारलं, "पैसे असते तं निराधार कायले म्हनली असती मी?" टेबलावर हशा पिकला म्हणे. दाखला मात्र मिळाला नाही.

शेवटी तिने बचत गटातून कर्ज उचललं, शेकडा दोन रुपये महिना. पावती हातात पडली आणि लगेच सही झाली. आता यातली गंमत पहा. बायांची गरिबी जावी म्हणून उमेद अभियानात गट उभा राहिला. बायांनी पोटाला चिमटा काढून त्यात पैसे टाकले. त्या पैशांचं कर्ज काढून ग्रामपंचायतीचा कर भरला, कशासाठी, तर सरकारी अनुदानाच्या अर्जाला एक कागद जोडायला. अनुदान मंजूर होईल तेव्हा होईल, गटाचा हप्ता मात्र आतापासूनच सुरू. तुमच्या शंभर टक्क्यांत हा पैसा धरलेला आहे.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. ग्रामपंचायतीने द्यायच्या सेवांमध्ये निराधार असल्याचा दाखलाही आहे, आणि तसा फलक पंचायतीच्या भिंतीवर लावलेला आहे. त्याच भिंतीखाली बसून अडवणूक चालते. कर बुडवावा असं माझं म्हणणं नाही. वसुलीसाठी कायद्यात रीतसर रस्ता आहे. मागणी बिल द्या, नोटीस द्या, तरी भरलं नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे जप्ती करा. पण जप्तीला छाती लागते. दाखला अडवायला लागत नाही.

ज्याला दाखलाच लागत नाही त्याच्याकडून वसुली कशी करणार? गावच्या शिवारात कापसाची जिनिंग आहे. त्याच्या गोदामाची नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या वहीत, अजून साधं टिनाचं शेड म्हणून नोंद आहे. मालकाला ना रेशन पाहिजे, ना घरकुल, ना निराधारचा पगार, म्हणून त्याला टेबलापुढे उभं राहावं लागत नाही. आकारणीच कमी दाखवली की वसुली शंभर टक्के व्हायला कितीसा वेळ! मेंबर लोकांचं आणखी वेगळं. बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य होता येत नाही, असलेलं सदस्यत्वही जातं, असं त्याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. त्यामुळे उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात पंचायतीत पावत्या फाडायला जी रांग लागते ती पाहण्यासारखी असते. अशी शिस्त पाच वर्षांतून एकदा येते.

मी सूतगिरणीत कारकून होतो. गिरणी बंद पडेपर्यंत पगारातून व्यवसाय कर कापला जायचा. ७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या मजुरीसाठी १९७५ मध्ये महाराष्ट्राने हा कर बसवला होता. ज्याच्याकडे पगार आहे त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याच्याकडे काम नाही त्याला द्यायचं, असा तो साधा हिशोब. आम्ही कुरकुर करायचो, पण हिशोब पटायचा. आमच्या पंचायतीने तो हिशोब उलटा करून दाखवला.

स्वनिधी वाढला पाहिजे हे मलाही मान्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या समृद्ध पंचायतराज अभियानात स्वनिधी आणि लोकवर्गणीला गुण होते, हेही वाचलं आहे. पण स्वनिधी म्हणजे फक्त घरपट्टी काय? गडचिरोलीच्या लेखा-मेंढ्याने २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. आमच्याकडे जंगल नाही, ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन आहे. ती कोण वाहतंय हे अख्ख्या गावाला माहीत आहे, तलाठ्यालाही. आठवडी बाजाराचा हर्रास, म्हणजे लिलाव, दरवर्षी त्याच घरात जातो, बोली किती चढते ते ग्रामसभेत कधी ऐकलं नाही. मुरूम रात्री जातो. तिथून पैसा आणायचा तर भांडण घ्यावं लागतं, विधवेकडून आणायला लागत नाही.

आणि जमलेल्या स्वनिधीतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो झाला का, कशावर झाला, हे तुमच्या वार्ताहराने विचारलं असतं तर बातमी झाली असती. आमच्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी खुर्च्या नाहीतर भांडी वाटतात आणि त्याचाही फोटो येतो. पण वार्ताहर विचारणार कसा? कालच्या फोटोत उजवीकडून दुसरे तेच उभे आहेत, शाल पांघरून.

पाणीपट्टीचंही सांगून टाकतो. जलजीवन मिशनच्या कागदावर माणशी ५५ लिटर पाणी आहे. बहिणीच्या दारात तोटी बसली, तोटीचाही फोटो निघाला. पाणी काही आलं नाही. ती अजून वरच्या आळीतल्या हापशीवरून आणते. तिच्या बाकीतला मोठा भाग याच तोटीचा. अशा घरांची पाणीपट्टी आधी रद्द करून मग वसुलीचे टक्के काढा. किती उरतात ते बघू.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी छापताना सोबत नमुना ८ आणि नमुना ९ (कर मागणीची वही) मधली मोठ्या दहा मिळकतींची यादी छापा. कोणाची इमारत केवढी, आकारणी किती, भरले किती. मी मागितले तर "साहेब मीटिंगला गेले" हेच ऐकायला मिळतं. तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.

आपला,
एक नियमित करदाता
(नाव छापू नये, बहिणीचा अर्ज अजून तहसीलमध्ये आहे)
जि. यवतमाळ

ता. क. : बाजार समितीचे कापसाचे भाव तुम्ही दोन दिवसांपूर्वीचे छापता. मागेही लिहिलं होतं, ते पत्र छापलं नाहीत. हे छापलं नाही तरी चालेल, भाव तेवढे त्या दिवशीचे द्या.