वेगाचा आकडा सांगताना भारही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या संस्थांच्या कारभारासाठी वेगवान सॉफ्टवेअर कसे उभारावे, या विषयावर नुकतीच झालेली एक ऑनलाइन परिषद मी दोन्ही दिवस पूर्ण ऐकली. प्रवास न करता जाणकारांना ऐकता येते, ही आमच्या व्यवसायातील नवोदितांसाठी फार मोठी सोय आहे, आणि वक्तेही तयारीचे होते. तरीही एक गोष्ट खटकली. जवळजवळ प्रत्येकाने आपली प्रणाली किती मिलिसेकंदांत उत्तर देते ते सांगितले. परंतु तो आकडा सरासरीचा आहे की सर्वांत संथ विनंत्यांचा, आणि मोजणीच्या वेळी सर्व्हरवर भार किती होता, हे फार थोड्यांनी सांगितले.

शंभरपैकी ९९ विनंत्यांना १० मिलिसेकंदांत उत्तर मिळाले आणि एक विनंती २ सेकंद अडकली, तर सरासरी भरते सुमारे ३० मिलिसेकंद. आलेख पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही. पण आजच्या प्रणालींत एकच पडदा उघडण्यासाठी आतून अनेक सर्व्हरना विचारावे लागते. गूगलमधील अभियंते जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले होते की, प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच एका सेकंदाहून अधिक वेळ घेत असला आणि एका विनंतीसाठी अशा १०० सर्व्हरची उत्तरे लागत असली, तर तब्बल ६३ टक्के विनंत्यांना एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे जो अपवाद समजून सोडून दिला, तोच बहुसंख्य वापरकर्त्यांच्या वाट्याला येतो.

भाराचेही तसेच आहे. विनंत्या अनियमितपणे येत असतील, तर रांगेच्या साध्या गणितानुसार सर्व्हर निम्मा व्यग्र असताना प्रतिसादाला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्के व्यग्र असताना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. रिकाम्या सर्व्हरवर घेतलेल्या चाचणीवरून महिनाअखेरीच्या गर्दीचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळेच.

हे मी स्वतः भोगले आहे. आमच्या बिलांच्या यादीचा पडदा महिनाअखेरीस रखडू लागला, तेव्हा आम्ही आणखी सर्व्हर जोडले आणि तो अधिकच रखडला. कारण शोधायला कित्येक दिवस गेले. यादी एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाने, येत होती, पण प्रत्येक बिलाच्या ग्राहकाचे नाव आणण्यासाठी वेगळी क्वेरी जात होती. ५०० बिलांसाठी ५०१ फेऱ्या. चाचणीच्या डेटाबेसमध्ये मोजून दहा बिले होती, त्यामुळे हा दोष तिथे दिसणे शक्यच नव्हते. नव्या सर्व्हरनी त्याच डेटाबेसच्या कनेक्शनसाठी रांग मात्र वाढवली. दोन टेबले जोडणारी एकच क्वेरी लिहिल्यावर प्रश्न सुटला. कामाचा ५ टक्के भाग जरी एकामागून एकच करावा लागत असला, तरी कितीही प्रोसेसर जोडून वेग वीसपटीपलीकडे जात नाही, हा संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला.

परिषदेतील मला सर्वाधिक उपयोगी वाटलेले सत्रही एका फजितीचेच होते. कॅशेमधील, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्याच्या तात्पुरत्या साठ्यातील, सर्व नोंदींची मुदत एकाच क्षणी संपली, साऱ्या विनंत्या थेट डेटाबेसवर कोसळल्या आणि तो बंद पडला, ही हकिकत त्या वक्त्याने आलेखांसह, काहीही न झाकता सांगितली. मुदती थोड्या मागेपुढे ठेवण्याचा त्याचा उपाय कोणालाही दुसऱ्या दिवशी वापरता येण्याजोगा होता. दुर्दैवाने त्याला मिळाली केवळ वीस मिनिटे. नव्या साधनांच्या ओळखीला मात्र तासन् तास दिले गेले.

अशा परिषदांच्या आयोजकांना आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे. वेगाचा दावा करणाऱ्या प्रत्येक वक्त्याकडून चाचणीतील भार, विदेचे (डेटाचे) आकारमान आणि सर्वांत संथ एक टक्का विनंत्यांचा प्रतिसादकाल आधीच लेखी मागवून घ्यावा आणि तो सत्रापूर्वी श्रोत्यांना उपलब्ध करून द्यावा. ऑनलाइन परिषदेत हे एका दुव्याने साधते, आणि मग प्रश्नोत्तरांचा वेळ आकड्याचा अर्थ विचारण्यात न जाता त्यामागच्या कारणांच्या चर्चेला मिळेल.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता