एनोला होम्स आणि काडेपेटीच्या पोरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘एनोला होम्स’च्या दोन्ही भागांचं परीक्षण वाचलं. शेरलॉक होम्सला एक धाकटी बहीण असती तर, या कल्पनेवरचे हे हलकेफुलके रहस्यपट. ते करमणूक करतात हे परीक्षणकर्त्यांनी मान्य केलं आहे. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, व्हिक्टोरियन इंग्लंडमधली सोळा वर्षांची मुलगी एकटी लंडनभर हिंडेल, हाणामारी करेल आणि थोरामोठ्यांना तोंडावर उत्तरं देईल हे शक्यच नाही. आजच्या मुलीला जुना झगा चढवून उभं केलं आहे. मला हे पटलं नाही. या चित्रपटांत खोट आहे, पण ती दुसरीकडे.

दुसऱ्या भागाचंच घ्या. काडेपेटीच्या कारखान्यातली एक लहान मुलगी हरवलेल्या बहिणीला शोधून द्या म्हणून एनोलाकडे येते. ती बहीण सारा चॅपमन. परीक्षणात साराला काल्पनिक पात्र म्हटलं आहे, तेवढी दुरुस्ती कृपया छापावी. तिच्याभोवतीचं रहस्य रचलेलं आहे, पण १८६२ साली जन्मलेली सारा चॅपमन खरोखर पूर्व लंडनमधल्या ब्रायंट अँड मे कंपनीच्या बो इथल्या कारखान्यात कामाला होती. चित्रपटाने कारखान्याचं नाव बदललं, तिचं तसंच ठेवलं. जुलै १८८८ मध्ये तिथल्या सुमारे चौदाशे बायका-मुली काम टाकून बाहेर पडल्या. त्यातल्या कितीतरी जणी एनोलापेक्षाही लहान होत्या. पाय मळलेले दिसले की दंड, बोललं की दंड, काड्या खाली पडल्या की दंड, आणि तो कापून जायचा आधीच तुटपुंज्या मजुरीतून. काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफांनी आधी दात दुखायचे, मग जबड्याचं हाड सडायला लागायचं. चित्रपटात कारखान्यातल्या मुलींच्या मृत्यूंचं खापर टायफस या साथीच्या तापावर फोडलं जातं, आणि ते खोटं कसं आहे हे हुडकणं हाच तपासाचा गाभा आहे. रहस्यपटासाठी इतकं चपखल कोडं मुद्दाम रचूनही सापडलं नसतं.

या संपाशी जोडलेलं एक नाव आपल्या वाचकांना चांगलंच परिचयाचं आहे: ॲनी बेझंट. पुढे १८९३ मध्ये भारतात आलेल्या आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या बेझंटबाईंनी जून १८८८ मध्ये या कारखान्यातल्या हालांवर जळजळीत लेख लिहिला होता. लेखातला मजकूर खोटा आहे अशा कागदावर सह्या करा, असा दबाव मालकांनी आणला. मुलींनी नकार दिला, एकीला कामावरून काढलं आणि बाकीच्या तिच्यामागून उठल्या. दोनशेजणी चालत थेट फ्लीट स्ट्रीटवर बेझंटबाईंना भेटायला गेल्या. बाईंचा स्वतःचा भर होता तो मालावर बहिष्कार घालण्यावर. संप मुलींनी आपल्या हिमतीवर पुकारला होता. दोन आठवड्यांच्या आत मालक नमले, दंड रद्द झाले आणि मुलींची युनियन उभी राहिली. बरीच वर्षं श्रेय बेझंटबाईंच्याच पदरात पडत होतं. चित्रपट ते साराला आणि तिच्या सोबतिणींना देतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. (पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी आणणारा कायदा मात्र १९०८ चा, आणि तोही लागू झाला १९१० पासून.) चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी मालकांना असं वाकवू शकत असतील, तर एनोला भावांशी हुज्जत घालते यात अशक्य ते काय?

खरी खोट पहिल्या भागात आहे. तिथे १८८४ साल आहे आणि सगळं कथानक संसदेतल्या सुधारणा विधेयकाभोवती फिरतं. एनोला ज्याचा जीव वाचवते त्या तरुण उमरावाच्या मतावर निकाल अडलेला आहे. विधेयक संमत होतं, सगळे आनंदात, आणि आपणही एनोलाच्या बाजूचं काहीतरी जिंकलं अशा समजुतीत उठतो. त्या कायद्याने स्त्रियांना काय दिलं? काहीच नाही. मताधिकार वाढला तो पुरुषांचा, आणि तोही सगळ्या पुरुषांचा नव्हे. स्त्रियांना मत देणारी दुरुस्ती त्याच विधेयकाला सुचवली गेली होती. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या विरोधामुळे ती १३५ विरुद्ध २७१ मतांनी पडली. ब्रिटनमध्ये काही स्त्रियांना मत मिळालं १९१८ मध्ये, पुरुषांच्या बरोबरीने मिळालं १९२८ मध्ये. पडलेल्या दुरुस्तीचा नुसता उल्लेख एनोलाच्या आईच्या तोंडी घातला असता, तरी ती घरदार सोडून दारूगोळा का साठवते याला वजन आलं असतं.

चित्रपटात एनोलाला शिकवणाऱ्या ईडिथची जुजुत्सू ही जपानी झुंजविद्या त्या काळात बसत नाही, हे खरं आहे. ती विद्या इंग्लंडात पोचली शतकाच्या अगदी शेवटी, आणि पुढे ईडिथ गॅरुड यांनी मताधिकारवादी बायकांना तिचे डावपेच शिकवले. नाव सारखं आहे, तेव्हा ही चूक जाणूनबुजून केलेली दिसते, म्हणून मी ती माफ करते. चित्रपटातल्या ईडिथचा एक प्रसंग मला दोन्ही भागांत सर्वांत आवडला. हे जग तुम्हाला सोयीचं आहे म्हणूनच तुम्हाला राजकारणात रस नाही, असं ती शेरलॉकला तोंडावर सुनावते आणि तो महाबुद्धिमान माणूस गप्प बसतो.

कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी बोलण्याची एनोलाची सवय पहिल्या अर्ध्या तासात थोडी अति होते, इथे मी परीक्षणकर्त्यांशी सहमत आहे. पण शेरलॉक फार हळवा केला आहे ही तक्रार वाचून मात्र हसू आलं. कारण तीच तक्रार २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयापर्यंत गेली होती. शेरलॉकचे जनक कॉनन डॉयल यांच्या वारसांच्या संस्थेचं म्हणणं असं की, शेरलॉकला माया आणि आपुलकी फुटली ती शेवटच्या काही कथांत, त्यांचा स्वामित्वहक्क अजून आमच्याकडे आहे, सबब भावनाशील शेरलॉक आमचा. तो दावा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निकाली निघाला.

जाता जाता पालकांसाठी एक. पहिल्या भागात जिवावर उठलेल्या मारेकऱ्याची दृश्यं बऱ्यापैकी अंगावर येणारी आहेत, तेव्हा अगदी लहान मुलांना तो एकट्याने पाहू देऊ नये. दुसरा भाग आधी पाहिला तरी कथा समजायला फारसं अडत नाही.

आपली,
एक नियमित वाचक