पेटीवाल्या बापाचे की-बोर्डवाल्या लेकीस

नगर,
रविवार, रात्री

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद आणि सलाम.

तुझा मेसेज उपासनेहून आल्यावर वाचला. आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "आधी विचारा, जेवते का वेळेवर." तर जेवत जा. बाकीचं मला फोनवर जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू लिहितेस, तुमच्या पुण्याच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थना सुरू झाली की पुढचा मुलगा तुला डोळ्यानं खूण करतो, तू की-बोर्डवर पॅडचा लांब सूर धरून ठेवतेस, दिवे मंद होतात आणि चार-पाच मिनिटांत लोक रडायला लागतात. दर रविवारी, त्याच जागी. आणि तुझं लक्ष तेव्हा पुढचं गाणं कुठल्या पट्टीत आहे इकडे. 'बाबा, मी लोकांना फसवते आहे का?'

आधी पेटीवाला म्हणून सांगतो. सुरानं माणूस हलतो, त्यात लबाडी नाही. शेवटच्या कडव्याला मीही लय चढवतो, आणि ती कुठं चढवायची हे मला शनिवारीच ठाऊक असतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊन पुढं आपल्या नगरला राहिले. विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं आपला माणूस म्हणतो खरा, पण ती त्याच्या काळजाला भिडत नाहीत, ही त्यांची खंत होती. म्हणून तर त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, येशूचं कीर्तन उभं केलं. काळजापर्यंत पोचावं म्हणूनच चाल लावायची असते गं.

आणि मोठ्यानं रडणारे सगळे ढोंगी, असंही समजू नकोस. आमच्या पिढीला ते समजायला फार आवडतं. दौंडच्या गाडीत बसलीस तर वाटेत केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली आध्यात्मिक जागृती झाली. मुली ढसाढसा रडत, सगळ्या एकदम मोठ्या आवाजात प्रार्थना करत. पुढं त्यांच्यातल्या कितीतरी जणी टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झालेला. पण त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. एवढ्या नावाजलेल्या बाईला हे झाकून ठेवणं किती सोपं होतं!

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवरा ख्रिस्ती झाला, तरी बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. मधली पाच वर्षं त्यांनी नवऱ्यासाठी म्हणून सोंग आणलं नाही. मला त्या पाच वर्षांचं फार कौतुक वाटतं.

आता बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतलं हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं आठव, जमिनीचे सगळे पैसे दिले असं खोटं बोलून जागीच मेलेलं. रविवारच्या शाळेत तू विचारलं होतंस, थोडे पैसे मागे ठेवले म्हणून एवढी शिक्षा? पेत्राचं बोलणं नीट वाच. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, असं तो म्हणतो. थोडे ठेवले असते आणि 'थोडे ठेवले' म्हणाले असते, तर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. काही भाग देऊन सगळे दिल्याचं नाव त्यांना हवं होतं. प्रभू ज्यांना ढोंगी म्हणतो, तिथला मूळ ग्रीक शब्दही नाटकातल्या नटाचाच आहे. नटाला प्रेक्षक लागतो.

आपल्याकडचा कापणीच्या सणाचा लिलाव तुला आठवतो ना? बाजारात चाळीस रुपयांचा भोपळा आपल्याकडं चार हजारांवर जातो. बोली लावणारा बोलता बोलता मागं वळून पाहतो, कोण कोण बघतंय. पैसे मात्र खजिनदाराला पुढच्या ईस्टरपर्यंत मागावे लागतात. (खजिनदार मी होतो, म्हणून ठाऊक.) आणि त्याच भोपळ्याशेजारी एखादी म्हातारी फडक्यात बांधलेली शेरभर बाजरी ठेवून मागच्या मागं निघून जाते.

पण दुसऱ्यांचं सांगून मला सुटता येणार नाही. माझ्या लांबलचक प्रार्थनेचं मंडळीत नाव होतं. 'समेट' हा शब्द मी असा उच्चारायचो की बायका डोळ्यांना पदर लावत. आणि त्याच वेळी तुझ्या काकाशी सहा वर्षं माझं बोलणं नव्हतं, एका भिंतीपायी. प्रभुभोजनाच्या एका रविवारी पाळकांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. वेदीपुढं दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, तो. पेल्यांचा ट्रे माझ्यापुढं आला आणि मी पेला न घेता तो तसाच पुढं सरकवला.

इथं थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण उपासनेनंतर दोघा-तिघांनी माझा हात धरला, "केवढी नम्रता भाऊ तुमची," म्हणाले. आणि सोनू, मला ते आवडलं. घरी येईपर्यंत मी मनात साक्षसुद्धा जुळवत होतो, हा अनुभव पुढच्या रविवारी मंडळीपुढं कसा सांगायचा ती. काकाकडं जायचं राहूनच गेलं. गेलो तो पंधरा दिवसांनी. तो घरी नव्हता. काकूनं चहा दिला, मी बशीत ओतून प्यालो आणि उठलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो भेटला. पावसावर बोललो. भिंत अजून आहे. पण आता दिवाळीत तिच्यावरून फराळाचं ताट इकडं येतं आणि नाताळात तिकडं जातं. साक्ष मी अजून दिलेली नाही, हे तुला पहिल्यांदाच लिहितोय.

म्हणून तुझं लक्ष पट्टीकडं असतं याची मला काळजी नाही. कुणीतरी पट्टी सांभाळायलाच हवी. मन कोरडं असताना गाणं म्हटलं तर तेही ढोंग नव्हे. स्तोत्रं आपण दुसऱ्याच्याच शब्दांत म्हणतो, आणि त्यांतली कितीतरी 'देवा, तू कुठं आहेस' असं विचारणारीच आहेत. फक्त कोरडी असशील तेव्हा चेहरा ओला करू नकोस. कुणी विचारलं तर 'आज काही जाणवलं नाही' म्हणायची लाज वाटू देऊ नकोस.

आणि एक करून बघ. त्या मुलाला सांग, एका रविवारी प्रार्थनेत पॅड नको. दिवेही राहू देत. तू बोटं मांडीवर ठेवून बस. पहिली दोन मिनिटं सगळे खोकतील, खुर्च्या वाजतील, कुणीतरी तुझ्याकडं वळून बघेल की मशीन बिघडलं का. बसून राहा. नंतर काय झालं ते मला कळव. काहीच झालं नाही तर तेही कळव.

आपल्या पेटीचा भाता फुटलाय. नाताळला येशील तेव्हा पुण्याहून चामड्याची पट्टी आण, नगरात मिळाली नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, पांघरूण पुरतं का.